औषधाची वेळ, आहाराची वेळ आणि चौविहार

घरात दीर्घकाळ चालणारे प्रतिजैविक, म्हणजेच ॲन्टिबायोटिक, सुरू झाले की सर्वांचे लक्ष त्याच्या मात्रेकडे, किमतीकडे आणि ते किती दिवस चालणार याकडे जाते. ती गोळी कशाबरोबर, जेवणापूर्वी की जेवणानंतर आणि कोणत्या टॉनिकच्या मागेपुढे पोटात जाते, इकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पाच दिवसांच्या औषधात असे दुर्लक्ष एखादे वेळी खपून जाते. क्षयरोगाचे सहा महिने, हाडातील जंतुसंसर्गाचे कित्येक आठवडे किंवा तरुण मुलामुलींच्या मुरुमांसाठी चालणारे दोन-तीन महिने यांत मात्र रोजची लहान चूक साचत जाते. औषध रक्तात अपुरे पोहोचले, तर जंतू पूर्ण मरत नाहीत. उरलेल्यांत औषधाला दाद न देणारे जंतू वाढू लागतात आणि मग अधिक तीव्र, अधिक खर्चिक व अधिक काळ चालणारे उपचार घ्यावे लागतात.

जैन कुटुंबात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नवकारसी पाळणाऱ्याच्या मुखात सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत काही जात नाही आणि चौविहार करणारा सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. म्हणजे औषध, जेवण आणि पूरक गोळ्या या तिन्ही गोष्टी दिवसाच्या उजेडातच बसवाव्या लागतात. हे अशक्य नाही. परंतु त्यासाठी हिशेब मांडावा लागतो.

दूध, कॅल्शियम आणि लोह

‘औषध उष्ण पडते, दुधाबरोबर घे,’ हा सल्ला आपल्या घराघरांतून प्रेमाने दिला जातो. काही प्रतिजैविकांच्या बाबतीत तोच सल्ला घातक ठरतो. डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन यांसारखी टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही दुसऱ्या वर्गातील औषधे कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व जस्त यांच्याशी आतड्यात बांधली जातात. असा बांधला गेलेला भाग रक्तात न शिरता तसाच शरीराबाहेर पडतो. माल दारापर्यंत आला, पण गोदामात उतरला नाही, अशी ही गत होते. जुन्या टेट्रासायक्लिनचे शोषण दुधामुळे निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटते. डॉक्सीसायक्लिनचे त्या मानाने कमी घटते, पण लोहाच्या गोळीपुढे तेही टिकत नाही.

येथे केवळ दुधाचा विचार पुरेसा नाही. आईसाठी आणलेली कॅल्शियमची गोळी, सुनेची लोहाची गोळी, जस्त असलेले मल्टिव्हिटॅमिन, खनिजे मिसळलेली प्रथिनांची पावडर आणि जळजळ झाली की घेतले जाणारे पांढरे पातळ अँटासिड, ही सर्व त्याच वर्गात मोडतात. उलट केवळ ब-१२ किंवा केवळ ड-३ असलेली गोळी या औषधांना अशी बांधत नाही. म्हणून बाटलीच्या नावावर न जाता तिच्या मागील बाजूस छापलेले घटक वाचावेत.

अंतर किती ठेवावे, हेही औषधानुसार बदलते. सिप्रोफ्लॉक्सासिन घेतल्यावर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान दोन तासांनी घ्यावी. परंतु ती गोळी आधी घेतली असेल, तर सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी सहा तास थांबावे लागते. लिव्होफ्लॉक्सासिनला मागेपुढे दोन-दोन तास पुरतात. ॲमॉक्सिसिलिनला असे बंधन नाही. तेव्हा शेजारच्या घरी चालणारा नियम आपल्या औषधाला लागू होईलच, असे मानू नये.

रिकाम्या पोटाचे औषध

क्षयरोगाची कथा वेगळी आहे. १९५६ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार संशोधन केंद्राने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले, की नियमित औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामात न जाता आपल्या घरीही जवळजवळ तितकाच बरा होतो. तेव्हापासून या रोगाचा खरा दवाखाना घर हाच झाला आणि वेळ सांभाळण्याची जबाबदारीही घरावर आली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून रुग्णाच्या वजनानुसार एकत्रित गोळ्या दररोज दिल्या जातात. त्यांतील रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही औषधे रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर घेतली तर उत्तम शोषली जातात. पाणी उकळून थंड केलेले असले तरी काही बिघडत नाही. मळमळ असह्य झाल्यास डॉक्टर थोड्या आहारासोबत गोळ्या घेण्यास सांगतात. औषध बंद करण्यापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर. मात्र तो निर्णय डॉक्टरांचा असावा.

डिसेंबरातील पुण्याचा दिवस घेऊ. सूर्योदय सुमारे सातला आणि सूर्यास्त सहाला. नवकारसी आठच्या सुमारास पारली, तर प्रथम पाणी व क्षयाच्या गोळ्या घ्याव्यात आणि नऊनंतर न्याहारी करावी. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत घ्यावे. लोहाची गोळी दिली असल्यास ती सायंकाळच्या जेवणाशी ठेवावी, कारण कॅल्शियम आणि लोह हे परस्परांच्याही आड येतात. साडेपाचपर्यंत सर्व व्यवहार पूर्ण होतो आणि नियमाला कुठेही बाध येत नाही.

हिवाळ्याचा आखूड दिवस

दिवसातून दोनदा घ्यावयाच्या औषधात खरी अडचण उभी राहते. ‘दोनदा’ याचा अर्थ साधारणपणे बारा तासांच्या अंतराने. जूनमध्ये नवकारसी पावणेसातला येते आणि सूर्यास्त सव्वासातच्या आसपास होतो. दोन्ही मात्रा व्यवस्थित बसतात. डिसेंबरात मात्र सकाळी आठ आणि सायंकाळी सहा यांत दहाच तास पडतात, तर रात्रीचे अंतर चौदा तासांचे होते. अशा दिवसांत कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन घेत असेल, तर कॅल्शियमच्या गोळीसाठी सकाळी दहा ते दुपारी बारा एवढाच अवकाश उरतो. दुकानातून दीड वाजता घरी येऊन जेवणाबरोबर घेतलेली गोळी सायंकाळच्या मात्रेला बाधते.

यावर उपाय असतो, पण तो डॉक्टरांच्या हाती असतो. लिव्होफ्लॉक्सासिन बहुधा दिवसातून एकदाच दिले जाते. डॉक्सीसायक्लिन शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने अनेक विकारांत तेही एकदाच पुरते. रुग्ण सूर्यास्तानंतर काही घेत नाही, हे औषध लिहिण्यापूर्वीच कळले, तर डॉक्टरांना पर्याय शोधता येतो. कॅप्सूलचे आवरण प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचे असते, तेव्हा त्याऐवजी गोळी मिळेल का, हेही त्याच वेळी विचारावे. पुष्कळदा घडते ते उलट. औषध घरी येते, रात्रीची मात्रा कोणी मुकाट्याने टाळते आणि महिन्याभराने ‘गुण येत नाही’ अशी तक्रार होते. डॉक्टरांना अर्धीच माहिती असते. ते मात्रा वाढवतात किंवा औषध बदलतात. यात दोष ना व्रताचा, ना औषधाचा. दोष असतो न सांगण्याचा.

शेवटचा घोट

चौविहारापूर्वी दोन मिनिटे घाईने गोळी तोंडात टाकून एका घोटात गिळण्याची सवय अनेकांना असते. डॉक्सीसायक्लिनच्या बाबतीत ती धोक्याची आहे. ही गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली, तर तेथे जखम करते. ती पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. छातीत जळजळ सुरू झाली आणि सूर्यास्त होऊन गेलेला असला, तर पाणीही घेता येत नाही. म्हणून हे औषध दुपारच्या जेवणासोबत, त्या जेवणातील दूध-ताक वगळून, घेणे अधिक सोयीचे.

तप आणि उपचार

चातुर्मासात आणि पर्युषणात अठाई किंवा आयंबिल यांची इच्छा रुग्णाच्याही मनात उद्भवते. ही भावना आदरणीय आहे. परंतु क्षयरोग हा वजन खाणारा रोग आहे आणि त्याची औषधे यकृतावर भार टाकतात. कुपोषित शरीरात हा धोका वाढतो. पहिल्या दोन महिन्यांत दिल्या जाणाऱ्या पायराझिनामाइडने रक्तातील युरिक आम्ल वाढते आणि दीर्घ उपवासानेही तेच वाढते. दोन्ही एकत्र आल्यास सांधे धरतात. डॉक्टरांना न विचारता अशा काळात उपवास आरंभू नयेत.

शास्त्राने मनुष्याची दुर्बलता ओळखूनच प्रत्याख्यानात आगार ठेवले आहेत. पोरिसीच्या पच्चक्खाणात तर तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक स्पष्टपणे आहे. आपल्या बाबतीत कोणता आगार लागू पडतो, हे महाराजसाहेबांना किंवा मुनिश्रींना विचारावे. स्वतःच्या मनाने व्रत मोडू नये, तसेच स्वतःच्या मनाने औषधही सोडू नये.

एक कागद पुरे

व्यापारी कुटुंबाला तारखा आणि देणी लिहून ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तीच येथे कामी यावी. एका कागदावर घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, टॉनिक, चूर्ण आणि अँटासिड लिहावे. नवकारसी, जेवण व चौविहार यांच्या वेळा लिहाव्यात. आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून त्यावरच औषधांच्या वेळा मांडून घ्याव्यात. ऋतू बदलला, की कागदही बदलावा. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, विचारावे. बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच थांबवू नये.

हा कागद स्वयंपाकघरात, सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा जागी लावावा. गोळी गिळतो तो रुग्ण. परंतु तिच्यासोबत दुधाचा पेला ठेवायचा की पाण्याचा तांब्या, हे बहुधा घरातील दुसरेच कोणीतरी ठरवीत असते.