तिकिटाचा रुपया जातो कुठे?



भात विकून आल्यावर आपण घरी हिशेब मांडतो. हमाली किती गेली, टेम्पोभाडे किती, तोलाई किती आणि शेवटी हातात काय उरले. एवढेसे पैसे इकडेतिकडे झाले तरी डोक्याला किडा लागतो. पण आपल्याच गावाजवळच्या डोंगरावर, लेण्यांवर आणि जंगलात येणाऱ्या पाहुण्यांकडून जे पैसे घेतले जातात, त्यांचा हिशेब मात्र आपल्यातले फार थोडे जण विचारतात. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

न्हाव्याच्या बाजूने समुद्राकडे तोंड करून उभे राहा. बंदराच्या क्रेनपलीकडे पाण्यात घारापुरीचे बेट दिसते. तिथल्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पाठीमागे वळलात तर मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. ते १९६८ मध्ये जाहीर झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईचा पाहुणा आपल्या दाराशी आला आहे. पाहुणा आला की तिकीट आले, आणि तिकिटाबरोबर प्लॅस्टिकच्या बाटल्याही आल्या. बाटल्या गावात राहतात. तिकिटाचा पैसा राहतो का, हे पाहू.

पहिली खिडकी : दिल्लीची

घारापुरीची लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. २०१८ मध्ये जागतिक वारसा स्थळांसाठी भारतीय पाहुण्याला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये असा दर ठरला. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. हा पैसा बेटावर राहत नाही. तो केंद्राच्या तिजोरीत, म्हणजे भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. खात्याला खर्चासाठी जी रक्कम मिळते ती संसदेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातून मिळते. त्यातून देशभरातल्या साडेतीन हजारांहून अधिक स्मारकांची देखभाल चालते.

म्हणजे लेण्यांवर तिकिटे जास्त विकली म्हणून तेवढा पैसा लेण्यांवर किंवा गावावर खर्च होईल, असा नियम नाही. यात चोरी नाही, लबाडी नाही. कायद्याची वाटच तशी आहे. ज्या स्मारकाला तिकीटच नाही त्याचीही दुरुस्ती याच पद्धतीने होते, ही त्यातली चांगली बाजू. पण पायथ्याच्या गावाला वाटते की एवढी गर्दी, एवढा पैसा, आणि आपल्याकडे मात्र काही नाही. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या बेटावरच्या तीन वाड्यांत कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर चालायचा, मग काळोख. जागतिक वारशाच्या दर्जानंतर तीस वर्षांहून जास्त काळ ही स्थिती होती, हे लक्षात ठेवा.

दुसरी खिडकी : वनखात्याची

कर्नाळ्याच्या फाटकावर जे शुल्क घेतले जाते ते वनखात्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात फिरायला परवाना लागतो आणि त्यासाठी शुल्क घेता येते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. २००६ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पांसाठी 'व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान' स्थापन करण्याची तरतूद झाली. पाहुण्यांकडून आलेले प्रवेशशुल्क फिरून त्याच जंगलाच्या आणि आसपासच्या गावांच्या कामी यावे, असा त्याचा एक उद्देश कायद्यातच लिहिला आहे. आपल्या राज्यात मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा आणि सह्याद्री हे व्याघ्र प्रकल्प आहेत. कर्नाळा त्यात येत नाही. म्हणून ताडोब्याजवळचा शेतकरी ज्या कलमावर बोट ठेवून हिशेब मागू शकतो, ते कलम आपल्याला लागू नाही.

मग आपण काय करायचे? अभयारण्याच्या कडेला ज्या गावात वनखात्याबरोबर काम करणारी समिती आहे, तिथे तीन प्रश्न विचारा. समितीचे बँक खाते कोणत्या नावाने आहे? त्यात गेल्या वर्षी किती जमा झाले? त्यातून गावातल्या किती जणांना मजुरी मिळाली? समितीचे सभासद आपणच असतो. सभासदाने पासबुक पाहायला मागणे म्हणजे भांडण नव्हे.

तिसरी खिडकी : आपली स्वतःची

आता खरा मुद्दा. घारापुरीला लाँचमधून उतरलेला पाहुणा लेण्यांच्या तिकिटाआधी आणखी एक छोटी पावती फाडतो. ती ग्रामपंचायतीची असते. रक्कम किरकोळ, चहाच्या कपाएवढी. पण तिन्ही खिडक्यांपैकी ही एकच खिडकी अशी, की जिची किल्ली गावाच्या हातात आहे. हा पैसा दिल्लीला जात नाही, मुंबईलाही जात नाही. तो ग्रामनिधीत जमा होतो आणि त्याचा खर्च ग्रामपंचायत ठरवते.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ व्या कलमात घरपट्टीबरोबर यात्रा कर, जत्रा-उत्सव-करमणुकीवरील कर असे कर बसवण्याचा अधिकार दिलेला आहे. ठराव करायचा आणि नियमाने ठरवलेल्या मर्यादेत राहायचे, एवढी अट. ज्या गावात गड आहे, लेणे आहे, धबधबा आहे किंवा मोठे देवस्थान आहे, त्यांनी याचा विचार जरूर करावा. मात्र ठरावाशिवाय आणि पावतीशिवाय रस्त्यात दोरी बांधून पैसे घेणे ही वसुली नव्हे, ती दांडगाई. त्याने गावाचे नाव खराब होते आणि उद्या पोलिसात गेलेच तर सरपंचही सोडवू शकणार नाहीत.

कामानिमित्त मी एका गावच्या ग्रामसभेला बसलो होतो. गावाचे नाव नको. तिथेही पाहुण्यांकडून पैसे घेतले जात होते. बी-बियाण्याचा विषय संपला आणि मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. म्हणाली, "ते गाड्यांकडून पैसं घेताव, त्याचा झाला काय?" सभा गप्प. सरपंचांनी ग्रामसेवकांकडे पाहिले, ग्रामसेवकांनी दप्तराकडे. शेवटी कळले की पावतीपुस्तके छापली होती, पण वापरून झालेल्या पुस्तकांची स्थळप्रत कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नव्हते. पैसे कोणी खाल्ले असे मी म्हणत नाही. पण खाल्ले नाहीत हे सिद्ध करायलाही कागद उरला नव्हता. त्या दिवसापासून लोकांचा विश्वास उडाला, आणि पुढे कचरागाडीसाठी वर्गणी मागितली तर कोणी खिशात हात घालेना.

हिशेब कसा पाहायचा?

ग्रामपंचायतीचे नमुने आपल्याला ओळखीचे असतात, निदान नमुना ८ चा उतारा तरी. त्याच मालिकेतले आणखी तीन ध्यानात ठेवा. नमुना १० म्हणजे कर व फीची पावती. पाहुण्याला दिलेली प्रत्येक पावती इथे सापडली पाहिजे. नमुना ५ म्हणजे रोकडवही. दिवसभरात फाटलेल्या पावत्यांची बेरीज आणि रोकडवहीतली जमा जुळली पाहिजे. नमुना ३ म्हणजे वर्षाचा जमाखर्च.

हा जमाखर्च आणि आधीच्या वर्षाचा कारभार अहवाल आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे ठेवणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे, आणि ती सभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत घ्यायची असते. त्या सभेला शेतीची कामे काढून बसू नका. पेरणीची धांदल तेव्हा सुरू झालेली नसते. सभेत कागद मिळाला नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहेच.

आणखी एक. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पाहुण्यांच्या पावतीचा पैसाही स्वतःच्या उत्पन्नातच येतो. तेव्हा वाडीवरच्या माणसाचा त्यात हक्क आहे, उपकार नाही.

जोळ आठवा

पेण-अलिबागच्या खारेपाटात पूर्वी जोळ होते. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारा बांध सगळ्यांनी मिळून सांभाळायचा. कोणी अंगमेहनत द्यायचा, कोणी भात. कोणाचा भात कुठल्या बांधाला लागला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे, कारण बांध डोळ्यांसमोर होता. पुढे बांध सरकारी झाले, जोळ मोडले, आणि खांड पडली तर अर्ज कोणाकडे करायचा हे शोधण्यात पावसाळा जायला लागला.

तिकिटाच्या पैशाचेही तसेच आहे. जो पैसा गावातून निघून गेला त्याच्यासाठी आपण खासदार-आमदारांकडे मागणी करू, निवेदन देऊ, ते करायलाच हवे. पण जो पैसा गावातच आहे त्याकडे आधी बघा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना माझी एक विनंती आहे. पावती जिथे फाडता त्याच टेबलामागे एक फळा लावा. या महिन्यात इतके जमा, इतके सफाईला, इतके पाण्याला, इतके शिल्लक. खडू लागेल एक. पाहुणाही कुरकुर न करता पैसे देईल, आणि मागच्या रांगेतल्या म्हातारीला पुढच्या ग्रामसभेत उठून विचारावे लागणार नाही.