त्वेर : व्होल्गाकाठच्या एका कारखानी शहराचा कारभार

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एके दिवशी चौलच्या बंदरात एक रशियन व्यापारी जहाजातून उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. घाट चढून तो जुन्नरास गेला. तेथील खानाने तो घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलल्यास घोडाही मिळेल व वर हजार मोहराही मिळतील, असा निरोप त्यास पाठविला. खोरासानच्या एका सज्जनाने मध्ये पडून रदबदली केली, तेव्हा कोठे त्याची सुटका झाली. बेदरपर्यंतचा मुलूख पाहून आणि पुढे दाभोळहून गलबतात बसून तो परत फिरला. परंतु आपल्या गावी पोहोचण्यापूर्वीच स्मोलेन्स्कनजीक वारला. या अफनासी निकितिनाचे नाव महाराष्ट्रीय वाचकास परके नाही; रेवदंड्यास त्याचे स्मारकही आहे. मात्र तो ज्या गावाहून निघाला त्या त्वेर शहराविषयी सहसा कोणी पुसत नाही. आणि निकितिनाने आपल्या टिपणात एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती तर वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. निघताना त्याने प्रवासाचा परवाना घेतला तो मॉस्कोच्या राजाकडून नव्हे, तर त्वेरचा महाराजा मिखाइल बोरिसोविच याजकडून. त्या काळी त्वेर हे स्वतंत्र राज्य होते.

मॉस्कोच्या वायव्येस सुमारे १७० किलोमीटरांवर, व्होल्गेस त्वेर्त्सा नदी मिळते त्या संगमाशी हे शहर वसलेले आहे. उत्तरेकडील नोव्हगोरोदच्या व्यापाराची वाट त्वेर्त्सेवरून आणि पूर्वेकडील मुलखाची वाट व्होल्गेवरून. दोहींचा नाका त्वेरच्या हाती. शहर आपले जन्मवर्ष ११३५ मानते. इतिहासपंडितांना ते सर्वस्वी मान्य नाही. निर्विवाद आहे ते एवढेच, की चौदाव्या शतकाच्या प्रारंभी रशियाचे नेतृत्व त्वेरकडे जाणार की मॉस्कोकडे, हा प्रश्न अनिर्णित होता. तातारांच्या खानाकडून महाराजपदाची सनद मिळविण्यासाठी दोन्ही घराणी झगडत होती. त्वेरच्या मिखाइल यारोस्लाविचास खानाच्या छावणीत १३१८ साली ठार मारण्यात आले. १३२७ साली तातार सरदाराच्या जुलमास कंटाळून त्वेरचे नागरिक उठले आणि त्यांनी त्या सरदारासह त्याच्या लोकांची कत्तल केली. मॉस्कोच्या इवान कालिताने ही संधी साधली. तातार फौज घेऊन तो चालून आला, त्याने त्वेर उजाड केले आणि सनद मिळविली. पुढे १३३९ साली त्वेरच्या राजाचा व त्याच्या पुत्राचा खानाच्या दरबारी वध झाला, तेव्हा कालिताने त्वेरच्या मुख्य देवळातील घंटाच उतरवून मॉस्कोस नेली. नगरसभा बोलाविण्यास, आगीची वर्दी देण्यास, शत्रू आल्याचा इशारा देण्यास त्या काळी घंटाच वाजे. शहराची घंटा नेणे म्हणजे त्याची जीभ छाटून नेण्यासारखे होते.

तरीही राज्य आणखी दीडशे वर्षे टिकून राहिले. १४८५ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इवानाने शहरास वेढा दिला. त्वेरचा राजा त्याचा मेहुणा होता. तो रातोरात लिथुआनियास पळाला आणि दरवाजे उघडले गेले. निकितिन जगून परत आला असता, तर ज्याच्या सहीचा परवाना त्याच्या पेटीत होता तो राजा काही वर्षांतच परागंदा झालेला त्यास दिसला असता. यापुढे त्वेरचा कारभार मॉस्कोच्या हुकुमाने चालू लागला. तो किती कठोर असू शकतो याचा अनुभव १५६९ च्या हिवाळ्यात आला. चौथा इवान नोव्हगोरोदवर चालून जात असता वाटेत त्याच्या शिपायांनी त्वेर लुटले, आणि तेथील ओत्रोच मठात कैदेत असलेल्या धर्माध्यक्ष फिलिपाचा गळा दाबून वध केला.

आज दिसणाऱ्या शहराचा सांगाडा मात्र एका आगीची देणगी आहे. १७६३ च्या मे महिन्यात लाकडी त्वेर जळून गेले. दुसरी कॅथरिन गादीवर येऊन तेव्हा एक वर्षही लोटले नव्हते, आणि तिला आपल्या राज्यपद्धतीचा नमुना दाखविण्यास जागा हवी होती. वास्तुशिल्पी प्योत्र निकितिन व त्याच्या हाताखालील मंडळींनी नवा आराखडा केला. एका चौकातून तीन सरळ रस्ते किरणांसारखे फुटावेत, त्यांवर ठराविक उंचीची पक्की घरे असावीत, मध्ये अष्टकोनी चौक असावा, अशी ती योजना होती. पीटर्सबर्ग व मॉस्को यांच्या वाटेवर राणीच्या मुक्कामासाठी एक राजवाडाही उठला. त्याच वर्षी सर्व शहरांचे नकाशे तयार करण्याचे फर्मान निघाले. त्वेर सुंदर झाले यात संशय नाही. परंतु कोणता रस्ता कोठे जावा हे त्वेरकरांस कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे.

१७७५ च्या नोव्हेंबरात राणीने प्रांतिक कारभाराचा कायदा जाहीर केला आणि तो सर्वांत आधी ज्या प्रांतांत लागू केला त्यांत त्वेर होते. तीन ते चार लाख पुरुषवस्तीचा एक प्रांत, वीस ते तीस हजारांचा एक जिल्हा. वर गव्हर्नर, त्याच्या हाताशी खजिना, निरनिराळी न्यायालये, आणि शाळा-दवाखान्यांसाठी एक मंडळ, अशी ती रचना होती. १७८५ च्या सनदेने शहरांस दूमा, म्हणजे नगरसभा, मिळाली. घरमालक, व्यापारी, कारागीर इत्यादी सहा वर्गांचे प्रतिनिधी तीत बसत. रस्ते, बाजार, दिवे, पूल यांची चिंता दूमेने करावी. पोलीस व अखेरचा शब्द गव्हर्नराकडे असावा, हा दंडक तेव्हापासून पडला. सरकारी अधिकारशाहीचे हे अंतरंग १८६० ते १८६२ या काळात एका माणसाने त्वेरच्या उपगव्हर्नराच्या खुर्चीत बसून पाहिले. तो साल्तिकोव्ह-श्चेद्रिन. पुढे त्याने ‘एका शहराचा इतिहास’ हा उपहासग्रंथ लिहिला. त्यातील काल्पनिक शहर त्वेरच होय असे म्हणता येणार नाही. तथापि मूर्ख सुभेदारांची ती माळ ओवणाऱ्या लेखकास कचेरीतील कागदांचा वास चांगला ठाऊक होता.

त्वेरची खरी शोभा याच काळातली आहे. १८६२ च्या फेब्रुवारीत त्वेर प्रांतातील सरदारांनी झारास अर्ज केला, की आमचे खास हक्क आम्हास नकोत, करांचा बोजा आम्हीही उचलू, आणि साऱ्या देशाने निवडलेल्या प्रतिनिधींची सभा बोलवावी. ज्यांचा स्वार्थ जुन्या व्यवस्थेत होता त्यांनीच ती मोडण्याची मागणी करावी, ही गोष्ट कोणत्याही देशात दुर्मिळच. नव्या भूदास-कायद्याची अंमलबजावणी करणारे तेरा मध्यस्थ अधिकारी यात पुढाकार घेऊन होते. त्यांची रवानगी पीटर्सबर्गच्या किल्ल्यातील तुरुंगात झाली. पुढे झेम्स्त्वो नावाची प्रांतिक लोकमंडळे आली. त्यांत शाळा व इस्पितळे उभारण्याच्या कामी त्वेरचे मंडळ अग्रगण्य होते. १८९४ च्या अखेरीस, दुसरा निकोलस गादीवर आल्यावर, या मंडळाने अत्यंत नम्र भाषेत लिहिले, की लोकांचा आवाज सिंहासनापर्यंत पोहोचू द्यावा. मसुदा फ्योदोर रोदिचेव्ह याचा होता. १८९५ च्या जानेवारीत झाराने शिष्टमंडळांसमोर भाषण करून असल्या आशांस ‘निरर्थक स्वप्ने’ ठरविले, आणि रोदिचेव्हास सार्वजनिक कामातून दूर करण्यात आले. दहा वर्षांनी, १९०५ साली, त्याच झारास प्रतिनिधींची सभा देणे भाग पडले.

एकीकडे हे अर्ज-विनंत्यांचे राजकारण चालले असता दुसरीकडे शहराचा चेहराच पालटत होता. १८५० साली त्वेरला आगगाडी आली. १८५० च्या दशकाच्या अखेरीस मोरोझोव्ह घराण्याची कापडगिरणी निघाली आणि १८९८ मध्ये रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना. १८७० च्या कायद्याने दूमेसाठी मताधिकार करदात्यांस दिला होता, पण मतदारांचे तीन गट असे पाडले होते की प्रत्येक गटाकडून कराचा तिसरा हिस्सा यावा आणि प्रत्येकाने सभासदांचा तिसरा हिस्सा निवडावा. अर्थात मूठभर धनिकांचे वजन शेकडो लहान करदात्यांइतके होई. १८९२ च्या दुरुस्तीने हे वर्तुळ आणखी आवळले. गिरणीकामगारास तर मतच नव्हते. त्याचा खरा नगरपिता म्हणजे गिरणीमालक. मोरोझोव्हांच्या आवारात लाल विटांच्या प्रचंड चाळी उठल्या. लांब ओसरी, दुतर्फा खोल्या, सामायिक स्वयंपाकघर. सोबत इस्पितळ, शाळा, नाट्यगृह. १८८२ साली पतीच्या मृत्यूनंतर कारभार पाहणाऱ्या वारवारा मोरोझोवा या बाईंनी शिक्षणासाठी उदार हस्ते पैसा खर्चिला. ही दानत खरी होती; पण इस्पितळ मालकाचे, शाळा मालकाची, खोलीही मालकाची, तेव्हा नोकरी गेली की छप्परही गेले. या चाळींपैकी एकीला लोक थट्टेने ‘पॅरिस’ म्हणू लागले. ती बांधल्यास शंभर वर्षे झाली तरी तीत बिऱ्हाडे राहत होती, आणि तोवर गिरणी बंद पडली होती.

१९१७ नंतर मालक गेले आणि सोव्हिएट आली. कागदावर शहराची सोव्हिएट सर्वाधिकारी होती. तिची कार्यकारी समिती नित्याचा कारभार पाही. पण निर्णय पक्षाच्या नगरसमितीत होत आणि पैसा मॉस्कोतील खात्यांकडून कारखान्यांस मिळे. मोरोझोव्हांच्या जागी खाते आले, एवढेच म्हटले तर अन्याय होईल, कारण शिक्षण व वैद्यकी आता सर्वांस खुली झाली. परंतु घर व पाळणाघर कारखान्याच्या हातचे असावे ही घडी कायम राहिली. शहराचा दर्जादेखील वरून ठरे. १९२९ साली त्वेर प्रांत मोडून तो मॉस्को प्रांतात घालण्यात आला. १९३१ साली शहराचे नावच बदलून ‘कालिनिन’ करण्यात आले. मिखाइल कालिनिन हा त्याच प्रांतातील खेड्यात जन्मलेला, तेव्हाचा राष्ट्रप्रमुख, आणि हयात माणूस. जिवंत माणसाच्या नावाच्या गावात राहणे काहीसे विचित्र वाटले असावे. १९३५ साली कालिनिन प्रांताची राजधानी म्हणून शहरास पुन्हा मान मिळाला. त्याच वर्षी जुने मुख्य देऊळ सुरुंग लावून उडविण्यात आले. ते एकविसाव्या शतकात नव्याने बांधावे लागले.

१९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्य शहरात शिरले आणि १६ डिसेंबरला बाहेर फेकले गेले. दोन महिन्यांत निम्म्याहून अधिक घरे नष्ट झाली, कारखाने मोडले. डब्यांचा कारखाना पुन्हा उभा राहिला आणि सोव्हिएट संघातील प्रवासी डब्यांचे मुख्य माहेरघर बनला. रशियात तो मान अजून त्याचाच आहे.

१९९० च्या जुलैत जुने नाव परत आले. १९९३ च्या संविधानाच्या बाराव्या कलमाने स्थानिक स्वराज्यसंस्था सरकारी सत्तेचा भाग नाहीत असे स्पष्ट सांगितले. चार विभागांच्या या शहराला नवी दूमा मिळाली आणि लोकांनी थेट निवडलेला नगराध्यक्षही मिळाला. पण त्याच वेळी कारखान्यांनी आपली घरे, पाळणाघरे व नळ शहराच्या गळ्यात घातले, आणि ते सांभाळण्यापुरते कर मात्र शहराच्या वाट्यास आले नाहीत. वस्तीही घटली, १९८९ साली साडेचार लाख होती, ती २०२१ च्या गणतीत सुमारे ४ लाख १६ हजार भरली. पुढे थेट निवडणूक गेली. २०१५ च्या देशव्यापी कायद्याने नगराध्यक्ष निवडण्याची एक नवी रीत दिली : इच्छुकांची परीक्षा एका समितीने घ्यावी व उरलेल्यांतून दूमेने निवड करावी, मात्र त्या समितीचे निम्मे सभासद गव्हर्नराने नेमावेत. २०२० च्या संविधानदुरुस्तीने स्वराज्यसंस्था व सरकार यांस ‘सार्वजनिक सत्तेच्या एका व्यवस्थेत’ गोवले.

याचा परिणाम सामान्य माणसास कचेरीत नव्हे, रस्त्यावर कळतो. बेल्जियन कंपनीने १९०१ साली त्वेरमध्ये विजेची ट्राम सुरू केली होती. युद्धानंतर ती पुन्हा धावू लागली आणि मोरोझोव्हांच्या चाळीतील कितीएक पिढ्या तिच्यातूनच कामावर गेल्या. रूळ झिजले, डबे जुने झाले, शहराच्या तिजोरीत पैसा नव्हता. २०१८ च्या नोव्हेंबरात शेवटची ट्राम थांबली. मॉस्कोसाठी नव्या ट्रामगाड्या त्याच काळात त्वेरमध्येच बांधल्या जात होत्या. २०२० साली विजेच्या तारांवरील बसही बंद पडली, आणि प्रांतिक सरकारने शहराची बसवाहतूक आपल्या हाती घेऊन नव्या निळ्या गाड्या रस्त्यावर आणल्या. गाड्या वेळेवर येतात म्हणून पुष्कळांस समाधान वाटले, आणि रुळांवाचून मोकळे झालेले रस्ते पाहून काहींस हळहळ वाटली. निकितिनाचा पुतळा व्होल्गेच्या काठी १९५५ साली बसविलेला आहे. ओत्रोच मठ होता त्या जागी उभारलेल्या नदीबंदराच्या इमारतीचा एक भाग २०१७ साली कोसळला.