मातीखालचे तगर दाखवायचे कसे?

बार्शीहून पंढरपूर आणि तुळजापूर या दोन्ही दिशांना माणसांची वाहतूक बारमाही चालू असते. एकादशी पंढरीला करावी आणि द्वादशीला बार्शीत भगवंताच्या दारी यावे, ही वाट कितीतरी पिढ्यांच्या पायाखालची आहे. याच बार्शीपासून पन्नासेक किलोमीटरवर, बालाघाटाचा चढ ओलांडून येडशीच्या पलीकडे, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून भारतात येणारे व्यापारी हे गाव तगर या नावाने ओळखत. संत गोरा कुंभार म्हणजेच गोरोबाकाका यांच्या समाधीमुळे आजही तेरला भाविक येतात. मात्र समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपण सातवाहनकाळातल्या एका मोठ्या बाजारपेठेवर उभे होतो याची जाणीव असते. यात भाविकांचा दोष नाही. वेरूळचे कैलास लेणे न सांगता दिसते, तेर सांगितल्याशिवाय दिसत नाही. म्हणूनच या भागात जाणकार वाटाड्यासोबत केलेली अभ्याससहल ही पर्यटनाची हौस नसून हा वारसा दिसण्याची आणि टिकण्याची पहिली अट आहे, असे माझे म्हणणे आहे. शिवाय ही सहल बार्शीहूनच निघायला हवी.

बार्शी कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. तगरचा प्राचीन मार्ग बार्शीवरूनच जात होता असा दावा मी करत नाही, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. बार्शीचे महत्त्व वेगळे आहे. हे गाव बालाघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. इथले पाणी भोगावती आणि सीनेतून भीमेला, म्हणजे कृष्णेला मिळते. येडशीचा चढ ओलांडला की तेरणेचे खोरे लागते, आणि तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते. तासाभराच्या प्रवासात आपण दख्खनच्या दोन महानद्यांमधला दुभाजक ओलांडतो. पठारावरचा माल खाली उतरवणाऱ्या आणि खालचा माल वर चढवणाऱ्या गावांना बाजारपेठेचे महत्त्व का येते, हे ग्रंथापेक्षा या चढावर लवकर कळते. बार्शीचा अलीकडचा इतिहासही हेच सांगतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने आखलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. एका टोकाला पठारावरचा कापूस आणि गळिताचे धान्य, दुसऱ्या टोकाला वारकरी, अशी तिची कमाई होती. कापूस, वाहतूक आणि यात्रा हे तिन्ही धागे बार्शीत डोळ्यांसमोर असतात, आणि तेच हाती धरून तगरकडे गेले तर मातीखालचे शहर समजू लागते.

तगरविषयीचा सर्वांत बोलका पुरावा एका ग्रीक भाषेतल्या पुस्तिकेत आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाणारी ही पुस्तिका पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने लिहिली असे मानतात. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर, असे अंतर त्यात दिले आहे. या शहरांतून बिनरस्त्याच्या मोठ्या टापूतून गाड्यांवर माल लादून भडोचला आणतात, आणि तगरहून साधे कापड, निरनिराळ्या जातींची मलमल आणि समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशातून आलेल्या वस्तू येतात, असे त्यात नोंदले आहे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी पुढे कित्येक शतके स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेतले. राज्य दूर असताना हे बिरुद मिरवावेसे वाटले, यावरून त्या नगराचा लौकिक किती टिकला होता हे कळते.

हे तगर म्हणजे तेरच कशावरून, ही शंका जुनी आहे आणि ती रास्त होती. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कल धारूरकडे होता. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरची बाजू मांडली. त्यानंतर हेन्री कझेन्स यांनी गाव पाहून पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात तिथल्या वास्तूंचे सविस्तर वर्णन केले. तेर पैठणच्या पूर्वेला नसून दक्षिण-आग्नेयेला आहे, हा यावरचा मुख्य आक्षेप. तो टाळण्याऐवजी नकाशा उघडावा. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतले अंतर सुमारे 350 किलोमीटर भरते आणि पैठण ते तेर सुमारे 150. पेरिप्लसमधले वीस आणि दहा दिवस या अंतरांशी जुळतात. बैलगाडीला दिवसाकाठी पंधरा ते अठरा किलोमीटरची मजल दोन्ही टप्प्यांवर पडते. बंदरात बसून गाडीवानांकडून ऐकलेल्या माहितीत दिशा चुकू शकते, पण मुक्कामांची संख्या सहसा चुकत नाही, कारण भाडे त्यावर ठरते. या अंतराला उत्खननात सापडलेल्या वस्तूंची जोड दिली की तेरची बाजू इतर कुठल्याही गावापेक्षा भक्कम ठरते. सहलीत हा सगळा युक्तिवाद लोकांसमोर मांडावा. निष्कर्ष पाठ करून घेण्यापेक्षा तो कसा निघाला हे कळले, तर ऐकणारा स्वतः विचार करू लागतो.

वस्तूंचा पुरावा तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक तिथूनच पांढरी माती आणत. तेरच्या अशा टेकाडांतून मातीबरोबर मणी, नाणी, बाहुल्या वर येत. ज्या काळात त्यांना कोणी मोल देत नव्हते, त्या काळात याच गावच्या लामतुरे यांनी त्या जपून ठेवल्या, आणि त्यांच्या संग्रहातून हे संग्रहालय उभे राहिले. 1958 मध्ये बा. ना. चापेकर यांनी इथे उत्खनन केले, पुढेही वेळोवेळी उत्खनने झाली, आणि सातवाहन नाणी, शंखाच्या बांगड्या, मौल्यवान दगडांचे मणी, विटांच्या स्तूपाचे अवशेष असा मोठा ऐवज उजेडात आला. संग्रहालयातल्या केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती नीट पाहाव्यात. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी काढून त्या जोडल्या आहेत, म्हणून त्या आतून पोकळ आहेत. हे तंत्र, रोमी नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके आणि परदेशी घाटाची भांडी एकत्र पाहिली की दूरच्या बाजाराशी असलेला संबंध ग्रीक पुस्तिकेवाचूनही सिद्ध होतो.

याच संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरला थेट इटलीशी जोडते. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 साली एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची आणि भोकरदनची हस्तिदंती मूर्ती घडणीत तिच्या इतक्या जवळची आहे की पॉम्पेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, असा विचार अभ्यासकांनी गंभीरपणे मांडला. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर असल्याने ती वायव्येकडून गेली असावी, असे दुसरा पक्ष म्हणतो. वाटाड्याने दोन्ही बाजू सांगाव्यात. पॉम्पेईची मूर्ती तेरचीच, असे ठोकून सांगितल्याने टाळ्या मिळतील, पण उद्या कोणी खरोष्ठी अक्षर दाखवले तर ऐकणाऱ्याचा खऱ्या पुराव्यावरचा विश्वासही उडेल. तेरचे मोठेपण अतिशयोक्तीवर उभे करण्याची काहीच गरज नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न तेरच्या त्रिविक्रमाच्या देवळाचा आहे. मागून अर्धगोल, वरून गजपाठीसारखे छप्पर असलेली ही विटांची वास्तू देशात उभ्या राहिलेल्या अत्यंत जुन्या मंदिरवास्तूंपैकी आहे. तिचा आकार कार्ले-भाज्याच्या चैत्यगृहांशी मिळतो. आंध्रातल्या चेजर्ल्याचे कपोतेश्वर मंदिर ही तिची जवळची बहीण. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असून पुढे ते वैष्णव देऊळ झाले, असे कझेन्स यांचे मत होते. अर्धगोल तलविन्यास ही बौद्धांचीच मिरास नव्हती, ऐहोळेच्या दुर्गमंदिराचा घाटही तसाच आहे, तेव्हा हे आरंभापासून देऊळ असू शकते, असे दुसरे मत आहे. अशी चर्चा देवळाच्या दारात केली तर भाविकांची मने दुखावतील, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. आतल्या त्रिविक्रमाची पूजा आज होते, हे सत्य कोणत्याही मताने कमी होत नाही. उलट, एकच वास्तू पंधरा शतके लोकांनी पाडली नाही, वापरात ठेवली, दुरुस्त केली, पुढे मंडप जोडला, ही या गावाच्या श्रद्धेची थोरवी आहे. वापर थांबला असता तर तिच्या विटा केव्हाच घरांच्या भिंतींत गेल्या असत्या. इतिहास सांगणाऱ्याने पायातली चप्पल बाहेर ठेवावी, आवाज खाली ठेवावा आणि पुरावा मात्र पूर्ण सांगावा. इतके पथ्य पुरेसे आहे.

याच नजरेने पुढचे टप्पे एका सूत्रात येतात. तेरच्याच उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारचौकट आज संग्रहालयात सुरक्षित आहे. ज्या भागात लाकडाचे प्राचीन काम जवळजवळ उरलेले नाही, तिथे ती अमोल आहे. गोरोबाकाकांच्या गावात खापरांचे थर शतकानुशतके एकावर एक साचले आहेत. संतांची कच्ची-पक्की मडकी पारखण्याची कथा ज्या कुंभाराच्या घरी घडली असे परंपरा सांगते, त्याच्याच गावात पुरातत्त्वज्ञ खापरांवरून काळ ठरवतात. समाधीला येणाऱ्या माणसाला संग्रहालयापर्यंत नेणारा याहून सोपा पूल नाही. तिथून धाराशिवची लेणी जवळ आहेत. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची नोंद केली. आज तिथे पार्श्वनाथाची उपासना दिसते, पण मुख्य लेण्याची आखणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण करून देते, म्हणून ती मुळात कोणाची हा वाद आहे. मुनी कनकामराच्या अकराव्या शतकातल्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापुराजवळच्या लेण्यांची आणि तिथल्या जिनमूर्तीची कथा येते. बौद्ध, जैन, वैष्णव आणि वारकरी या चार परंपरांना पोसण्याइतकी संपत्ती आणि वर्दळ या टापूत होती, आणि तिचा उगम कापडाच्या बाजारात होता, हे सहलीच्या शेवटी श्रोत्याला आपोआप जुळवता आले पाहिजे.

‘पण तिथे पाहण्यासारखे काय आहे?’ हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो. टेकाडे, शेते, एक संग्रहालय, चार देवळे. मग इतर ठिकाणी काय केले गेले ते पाहावे. केरळमधल्या पट्टणम येथे प्राचीन मुझिरिस बंदराच्या शोधात 2007 पासून उत्खनन झाले. तिथेही जमिनीवर उभे असे फारसे काही नाही. तरीही मुझिरिस वारसा प्रकल्पाने आसपासची छोटी संग्रहालये, देवळे, चर्च, सिनेगॉग आणि जलमार्ग एकत्र गुंफून लोकांना त्या व्यापाराची गोष्ट दाखवली. पेरिप्लसमध्ये मुझिरिस आहे तसे तगरही आहे. फरक आपल्या कल्पकतेचा आणि प्रयत्नांचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गर्दी वाढली तर टेकाडे उद्ध्वस्त होतील, लोक खापरे-मणी खिशात घालतील. ही भीती खरी आहे. पण गर्दी नसतानाही माती आणि विटांसाठी पांढरी खणल्या गेल्याच आहेत. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा 1960 चा कायदा आणि पुरावस्तूंविषयीचा 1972 चा केंद्रीय कायदा आहे. प्रत्येक शेताच्या बांधावर मात्र पहारेकरी उभा करता येत नाही. टेकाड राखतो तो त्याचे मोल जाणणारा शेजारी. म्हणून सहल लहान गटांची असावी, टेकाडावर ठरलेल्या पायवाटेनेच जावे, आणि पहिली सूचना हीच असावी की जमिनीवरचे काहीही उचलायचे नाही. एखादे खापर उचलले की ते कोणत्या थरातले हे कायमचे पुसले जाते. वाटाड्या गावचाच असावा, त्याचे मानधन गावातच राहावे, म्हणजे जपणुकीत गावाचा स्वार्थही येईल.

तिसरी अडचण कारभाराची आहे. बार्शी मुंबई इलाख्यात होती, तर तेर आणि धाराशिव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. आज बार्शी सोलापूर जिल्ह्यात आणि पुणे विभागात आहे, तेर धाराशिव जिल्ह्यात आणि मराठवाड्यात. दोन्हीकडच्या माहितीपत्रकांत आपापल्या हद्दीपुरतीच ठिकाणे येतात. कापडाच्या गाड्यांना आणि दिंड्यांना ही सीमा माहीत नव्हती, अभ्याससहलीनेही ती मानू नये. यासाठी नवे महामंडळ नको. बार्शी आणि धाराशिवच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पुरातत्त्व खात्याने प्रशिक्षण द्यावे, दोन्ही जिल्ह्यांनी एकच नकाशा छापावा, आणि रब्बीची पेरणी आटोपल्यापासून उन्हे तापेपर्यंतच्या महिन्यांत शाळांच्या सहली या मार्गावर आणाव्यात. सहावीतल्या मुलाला सातवाहनांचा धडा तेरच्या टेकाडावर शिकवला, तर तो जन्मभर विसरणार नाही.

वाचकांनाही एक विनंती आहे. या सुट्टीत पंढरपूर-तुळजापूर कराल तेव्हा एक दिवस वाढवा. सकाळी बार्शीत भगवंताचे दर्शन घ्या, येडशीचा चढ चढा, तेरला संग्रहालय आधी आणि देवळे नंतर पाहा, धाराशिवच्या लेण्यांवर दिवस संपवा. सोबत गावचा जाणता माणूस घ्या, त्याला प्रश्न विचारा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि परतताना हात रिकामे ठेवा. तगर पाहायला चार माणसे नेमाने येऊ लागली, तर ते जपायला गावातली चाळीस माणसे पुढे येतील.