गोधडी : आमच्या घरचे हस्ताक्षर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठ्याची लेणी येतात किंवा राजा रविवर्म्याची चित्रे येतात. ओसरीवर बसून जुन्या लुगड्यांना टाके घालणारी बाई कोणाला कलावंत वाटत नाही. पण आमच्या घरी कला म्हणून जे काही आहे, ते तिच्याच हातचे आहे. ते म्हणजे गोधडी.

माझे आजोळ शिरजगाव कसब्याचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सारी मावस-मामे भावंडे तेथे जमत असू. उत्तरेला सातपुड्याची रांग, दुपारी उन्हाच्या झळा आणि रात्री अंगणात ओळीने टाकलेल्या बाजा. त्या सुट्टीची आठवण गोधडीवाचून येतच नाही, आणि त्याला कारणही आहे. रब्बीचे पीक घरी आले म्हणजे मृगाच्या पेरणीपर्यंत शेतात राबणाऱ्या बायांच्या हाताला थोडी उसंत मिळते. गोधडी शिवायची ती याच दिवसांत. आमची सुट्टी आणि आजीची गोधडी एकदमच सुरू होत असे.

तिची रीत अशी. जुनी नऊवारी लुगडी व धोतरे प्रथम स्वच्छ धुऊन वाळवायची. धड असेल ते कापड खाली आणि वर. विरलेले, फाटलेले तुकडे मधल्या थरांत. सारवलेल्या जमिनीवर सारे सपाट अंथरून कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्यासारखे वजन ठेवायचे आणि मोठमोठे कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालीत मध्यापर्यंत यायचे. या जवळजवळच्या टाक्यांमुळे आतले तुकडे गोळा होत नाहीत. थरांमध्ये हवा कोंडून राहते, म्हणून ऊब येते. शेवटचा मधला चौकोन बंद करण्यापूर्वी आजी त्यात भाकरीचा लहानसा तुकडा ठेवी. "गोधडी उपाशी नाई ठेवा लागत, पोरी," असे ती म्हणे. सुईत दोरा ओवण्याचे काम माझ्याकडे असे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. तरीही आमच्यासारख्या घरांत रुईची गादी क्वचितच असे. घरात आलेला कापूस बाजारात जायचा, कारण त्यावरच वर्षाचे देणे भागायचे. तोच कापूस लुगडे होऊन, अंगावर विरून, शेवटी गोधडीत परत यायचा.

जुन्या कपड्यांना असे टाके घालण्याची रीत इतरत्रही आहे. बंगालातील काँथा प्रसिद्धच आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडण्यात आल्या. गरजेपोटी केलेल्या वस्तूला तेथे भिंतीवरच्या चित्राचा मान मिळाला. आपल्याकडे ती अजून बाजेवरच आहे, आणि आता तेथूनही उठू लागली आहे. बायकांच्या अंगावर कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या सुईखाली सरकतात आणि घाम टिपत नाहीत. बाजारात मऊ ब्लँकेटही मिळते. म्हणून कोणाला दोष देता येत नाही.

परंतु आमच्या घरी या गोधड्यांचा आणखी एक उपयोग आहे. महाविद्यालयात आलेली मी घरातली पहिली. आजीला अक्षर येत नव्हते. तिचे एक पत्र, एक वही, एक सही माझ्याजवळ नाही. आहेत ते टाके. तिचा टाका बारीक व सरळ. मावशीचा लांब, घाईचा. हिरवा तुकडा आईच्या लग्नातल्या लुगड्याचा, पांढरा आजोबांच्या धोतराचा. शेवटची गोधडी अर्धी असतानाच आजी गेली. पुढच्या रांगा आईने घातल्या. जिथे टाका बदलतो ती जागा आम्हा सर्वांना ठाऊक आहे. आमच्यानंतर कोणाला कळणार?

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा लहानपणी आजोळी, दापुऱ्याला वाढले. पुढे ते अंगावर चिंध्यांची वस्त्रे घालून गावोगाव हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. १९८३ साली स्थापन झालेल्या ज्या विद्यापीठाची पदवी आपण घेणार आहोत, त्याला आज त्यांचेच नाव आहे. मग गोधडीची लाज आपण का बाळगावी?

माझी माझ्या मित्रमैत्रिणींना एकच विनंती आहे. या सुट्टीत घरातील एक जुनी गोधडी उन्हात टाका. आई-आजीला जवळ बसवून कोणता तुकडा कोणाचा, टाके कोणाचे, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. त्यांना लिहिता आले नाही, आपल्याला येते.