क्यू-आय : दोन अक्षरी शब्दाभोवतीचे गैरसमज

इंग्रजी स्क्रॅबलच्या पटावर कुणी क्यू आणि आय शेजारी शेजारी लावले की समोरचा हमखास हरकत घेतो. क्यूनंतर यू हवाच, हे आपण शाळेत पक्कं घोकलेलं असतं. त्यामुळे यू नसलेला, तोही दोनच अक्षरांचा शब्द म्हणजे काहीतरी लबाडी, असं वाटतं. हरकत फेटाळली जाते, गुण मिळतात, पण शंका मनात राहतेच. या एवढ्याशा शब्दाबद्दल इतक्या चुकीच्या गोष्टी सांगितल्या जातात की त्या एकेक करून तपासायला हव्यात.

‘हा खेळापुरता बनवलेला शब्द आहे’

नाही. तो चिनी भाषेतून इंग्रजीत आला आणि ऑक्सफर्ड, मेरियम-वेबस्टर, कॉलिन्स या सगळ्या कोशांत आहे. मूळ अर्थ वाफ, हवा, श्वास. त्यावरून चिनी विचारपरंपरेत तो जीवनशक्तीसाठी रूढ झाला. रोजच्या चिनी बोलण्यात तो पावलोपावली भेटतो. हवामानाच्या शब्दात तो आहे, फुग्याच्या आहे, रागावण्याच्या आहे आणि पाहुण्यांशी सौजन्याने वागण्याच्या शब्दातही आहे. जपानीत तो ‘की’ झाला. रेकी आणि ऐकिडो यांतला ‘की’ तो हाच. विशेष म्हणजे हे तिन्ही वेष, म्हणजे क्यू-आय, के-आय आणि सी-एच-आय, स्क्रॅबलमध्ये वेगवेगळे शब्द म्हणून चालतात.

‘परभाषेतले शब्द चालत नाहीत’ हा नियमही अर्धाच सांगितला जातो. इंग्रजीने उसना घेऊन आपल्या कोशात सामावलेला शब्द इंग्रजीच मानला जातो. चालत नाहीत ती विशेषनामं. मोबाइलच्या बिनतारी चार्जिंगच्या मानकाचं नाव याच शब्दावरून ठेवलं आहे, पण खेळात शब्द टिकतो तो सामान्यनाम म्हणून.

‘उच्चार क्वी, नाहीतर की’

इथे मराठी माणसाला खरं तर इंग्रजांपेक्षा सोपं जायला हवं. चिनी भाषेचं रोमन लेखन आज ज्या पद्धतीने होतं ती पिनयिन पद्धत चीनने 1958 मध्ये स्वीकारली. ती घडवणाऱ्यांत झोउ योउग्वांग प्रमुख होते. चिनी ध्वनींना पुरतील एवढी रोमन अक्षरं नव्हती, म्हणून क्यू हे मोकळं पडलेलं अक्षर त्यांनी एका तालव्य ध्वनीला दिलं. ‘क’शी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजी कोश उच्चार ‘ची’ देतात, पण मूळ ध्वनी श्वास सोडत उच्चारलेला, म्हणजे आपल्या ‘छी’च्या जवळचा आहे.

हा बारकावा क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात मोठा गोंधळ त्याच्यातूनच झाला आहे. पिनयिनच्या आधी टॉमस वेड आणि हर्बर्ट जाइल्स यांची एकोणिसाव्या शतकातली पद्धत चालत होती. तिच्यात ‘ची’ आणि ‘छी’ या दोन्हींसाठी सी-एच-आय हीच अक्षरं होती. महाप्राण असेल तर मध्ये एक छोटं उलटं स्वल्पविराम-चिन्ह द्यायचं. छापखान्यांनी आणि वर्तमानपत्रांनी ते चिन्ह गाळून टाकलं आणि दोन निराळे शब्द एकसारखे दिसू लागले. म्हणूनच ‘ताई ची’ या व्यायामातला ‘ची’ म्हणजे जीवनशक्ती, असं आज जगभर सांगितलं जातं. तो शब्द वेगळाच आहे. व्यायामाच्या नावातल्या ‘ची’चा अर्थ परमसीमा किंवा टोक, तो अल्पप्राण आहे, आणि आपला शब्द महाप्राण. देवनागरीत नाव नीट लिहायचं तर ‘थाय ची’ असं होईल, आणि आपला शब्द ‘छी’. रोमन लिपीला जो फरक दाखवण्यासाठी खूण लागते तो आपल्या वर्णमालेत पहिल्यापासून आहे.

त्यावर चिनी भाषेत सूर असतात. पिनयिनमधला हाच क्यू-आय सपाट उंच सुरात ‘सात’ होतो, चढत्या सुरात पटावरचा खेळ, आणि उतरत्या सुरात श्वास. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या ‘गो’ या खेळाचं चिनी नाव वेइछी. त्यात चढत्या सुराचा ‘छी’ आहे. पण त्याच खेळात सोंगटीलगतच्या मोकळ्या जागांना चिनी खेळाडू उतरत्या सुराचा ‘छी’, म्हणजे श्वास, म्हणतात. त्या जागा संपल्या की सोंगटी मरते.

‘शिजत्या भातावरची वाफ म्हणजे हे अक्षर’

ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, कारण पारंपरिक चिनी अक्षरात वर वाफेसारख्या रेघा आणि खाली तांदळाचं चिन्ह दिसतं. पण इसवी सन 100 च्या सुमाराला शू शेन याने रचलेल्या जुन्या कोशात या दोन अक्षरांची नोंद वेगवेगळी आहे. नुसत्या रेघांचं अक्षर म्हणजे ढगांची वाफ. तांदळासकट असलेलं अक्षर म्हणजे पाहुण्यांना द्यायची धान्याची भेट. पुढे उच्चारसाम्यामुळे दुसरं अक्षर पहिल्याच्या जागी वापरलं जाऊ लागलं. विसाव्या शतकात चीनने लिपी सोपी केली तेव्हा तांदूळ गेले आणि जुनंच अक्षर परत आलं.

‘म्हणजे आपला प्राणच की’

कल्पना जवळच्या आहेत, शब्द नाहीत. ‘प्राण’ हा ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे या संस्कृत धातूपासून आला; चिनी शब्दाशी त्याचं नातं नाही. श्वास थांबला की जीव जातो हे दोन्हीकडच्या माणसांनी पाहिलं आणि श्वासाच्या शब्दालाच जीवाचा अर्थ दिला, एवढंच.

‘ऊर्जा’ हे भाषांतरही मला धोक्याचं वाटतं. भौतिकशास्त्रातली ऊर्जा जूलमध्ये मोजता येते; ही शक्ती कोणत्याही उपकरणाने मोजलेली नाही. शब्द कोशात आला म्हणजे त्याने सांगितलेली गोष्ट सिद्ध झाली असं होत नाही. तिच्या नावावर महागडे उपचार विकले जातात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

‘दोन अक्षरांना गुण ते किती मिळणार?’

क्यूचे 10 आणि आयचा 1, म्हणजे 11. पण स्क्रॅबल हा लांब शब्दांचा खेळ नाही, जागांचा आहे. क्यू तिप्पट अक्षराच्या घरात पडला आणि त्याच्या उजवीकडे व खाली दोन्हीकडे आय असला, तर आडवा शब्द 31 आणि उभा शब्द 31, एकूण 62 गुण. सातही टाइल्स एकदम लावल्यावर मिळणाऱ्या बक्षिसाचे गुण 50 आहेत, यावरून या आकड्याची किंमत कळेल.

पूर्वी क्यू हाती आला की खेळाडूच्या कपाळावर आठी पडायची. शंभर टाइल्समध्ये क्यू एकच असतो आणि यू चार. डाव संपताना क्यू हातात उरला तर आपले 10 गुण जातात आणि टाइल्स आधी संपवणाऱ्याला ते मिळतात. उत्तर अमेरिकेच्या स्पर्धायादीत हा शब्द 2006 मध्ये आला आणि तिथलं क्यूचं ओझं बरंच हलकं झालं. आय नऊ असतात, त्यामुळे तो पटावर कुठे ना कुठे सापडतोच. आज स्पर्धांमध्ये सर्वाधिक वेळा लावल्या जाणाऱ्या शब्दांत याची गणना होते. कॉलिन्सच्या 2019 च्या यादीत दोन अक्षरी शब्द 127 आहेत. गंभीरपणे खेळणारा माणूस सर्वांत आधी ते पाठ करतो.

अर्थ माहीत असणं खेळाला लागत नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे विजेते ठरले. तरीही अर्थ कळला तर शब्द लवकर लक्षात राहतो, आणि आपल्याला त्यात एक जास्तीची सोय आहे. क्यूनंतर यू न येणारे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून इंग्रजीत गेले, आणि तेच मराठीतही आले: फकीर, बुरखा, तलाक, कव्वाली. कॉलिन्सच्या यादीत हे चारही क्यू घालून लिहिलेले सापडतात. पुढच्या डावात क्यू हाती आला तर यूची वाट पाहत बसू नका. हे चार आणि पाचवा क्यू-आय, एवढे पाठ करून ठेवा.