चावी बदलली, सूची बदलली का?

फेरफार म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. जमिनीचं खरेदीखत झालं म्हणून त्याच दिवशी सातबारावर नाव लागत नाही. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तोवर सातबारा जुनंच नाव सांगतो.

मोठ्या कंपन्यांच्या संगणकातही असंच होतं. आपल्या कितीतरी मुली बोईसरला, तारापूर एमआयडीसीत कामाला जातात, म्हणून हे त्यांच्याही कामाचं. कंपनीचे हजारो कागद शोधायला एक शोधयंत्र असतं. ते दर वेळी सगळी कपाटं उघडत नाही. आधीच सगळं वाचून, कोणता शब्द कुठल्या कागदात आहे याची सूची करून ठेवतं. कोणता कागद कोणी पाहायचा, हेही त्याच सूचीत लिहिलेलं असतं.

समजा, पगारपत्रक करणारी मुलगी स्टोअरमध्ये बदलून गेली. पगाराच्या कपाटाची परवानगी त्याच दिवशी काढली, पण सूचीत फेरफार झाला नाही. आता तिने कोणाचं नाव शोधलं तर कागद उघडणार नाही, पण त्यातल्या दोन ओळी पडद्यावर दिसतील. पगाराचा आकडा त्या दोन ओळींतच असला, तर कुलपाचा उपयोग काय? उलटही होतं. तिच्या जागी आलेल्या मुलीला कागद सापडतच नाही, आणि तो हरवला म्हणून बोलणी तिलाच बसतात.

म्हणून बदल झाला की सूचीला लगेच कळवावं लागतं. एखादी खबर चुकतेच, तेव्हा ठरावीक दिवसांनी सगळी यादी मुळाशी ताडून बघायची. उत्तर दाखवण्याआधी मूळ कपाटाला पुन्हा विचारणं सर्वांत खात्रीचं. वेळ थोडा जास्त लागतो, पण पगाराच्या किंवा आजारपणाच्या कागदांसाठी तो द्यावा असं आम्हाला वाटतं. आणखी एक युक्ती आहे. कागदावर बायकांची नावं न लिहिता ‘पगार विभाग’ एवढंच लिहायचं. कोणी गेली की विभागाच्या यादीतून एक नाव काढलं, काम झालं.

आता आपला गट. आधार कार्डांच्या प्रती, पासबुकांचे फोटो, कोणाचं किती कर्ज थकलं, सगळं हल्ली गूगल ड्राइव्हवर असतं. सचिव बदलली की बँकेत सह्या बदलण्याचा ठराव आपण करतो, ड्राइव्ह मात्र विसरतो. त्याच बैठकीत फोल्डर उघडून कोणाकोणाला दिलंय ते मोठ्याने वाचा. एखादी फाइल वेगळी पाठवली असेल तर तीही बघा. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं दिसलं तर आधी ते बंद करा. फोनमध्ये उतरवून घेतलेली प्रत यातून परत येत नाही. ती पुसायला त्या ताईला समोर बसूनच सांगावं लागेल, आणि तेही तिचा हिशेब पूर्ण करून, चहा पाजून.