मुरुमांचे व्रण : लेझर की मायक्रोनीडलिंग? सावळ्या त्वचेसाठी निर्णय वेगळा

नवी दिल्ली : मुरुम बरे झाल्यानंतर चेहऱ्यावर राहणारे खड्डे भरून काढण्यासाठी लेझर आणि मायक्रोनीडलिंग हे दोन उपचार प्रामुख्याने सुचवले जातात. दोहोंचे तत्त्व एकच आहे. त्वचेला नियंत्रित इजा करायची आणि ती भरून येताना शरीराला नवे कोलॅजन तयार करायला लावायचे. फरक इजा करण्याच्या रीतीत आहे, आणि भारतीय रुग्णांसाठी तोच महत्त्वाचा ठरतो.

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरच्या १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांची ऊर्जा त्वचेतील पाणी शोषून घेते. त्या उष्णतेने सूक्ष्म स्तंभांच्या आकारात त्वचेची वाफ होते. मधली त्वचा शाबूत राहत असल्याने जखम लवकर भरते, तरी लाली आणि खपल्या साधारण आठवडाभर टिकतात. हा लेझर थेट रंगद्रव्याला लक्ष्य करत नाही, हे खरे. परंतु उष्णता आणि दाह यांमुळे रंगद्रव्य पेशी चाळवल्या जातात आणि खड्डे उथळ होताना काळे डाग उमटू शकतात. त्वचेच्या फिट्झपॅट्रिक वर्गीकरणातील चौथ्या आणि पाचव्या प्रकारांत हा धोका अधिक असतो. बहुसंख्य भारतीय याच प्रकारांत मोडतात.

मायक्रोनीडलिंगमध्ये साधारण दीड मिलिमीटर लांबीच्या सुया वापरल्या जातात. त्यात उष्णता नसते आणि वरची त्वचा बरीचशी अबाधित राहते. लाली दोन-तीन दिवसांत ओसरते. मात्र चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक सत्रे घ्यावी लागतात. तुलनात्मक अभ्यासांत दोहोंच्या परिणामांत फार मोठी तफावत सहसा दिसलेली नाही. काळे डाग मात्र लेझरनंतर अधिक आढळले आहेत. त्यामुळे सावळ्या त्वचेसाठी सुयांचे पारडे जड ठरते.

अर्थात, अरुंद व खोल व्रणांवर दोन्ही उपचार तोकडे पडतात. तिथे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा सूक्ष्म थेंब अधिक उपयोगी पडतो. लाटेसारख्या उथळ खड्ड्यांत त्वचेला खाली ओढणारे तंतू आधी सोडवावे लागतात. नवे मुरुम येत असतील, तर प्रथम ते आटोक्यात आणणे आवश्यक असते.

घरगुती रोलरच्या आखूड सुया व्रणाच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत. संसर्ग मात्र पोहोचवू शकतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये रक्तघटकांसह मायक्रोनीडलिंग करून घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. एकदाच वापरायच्या वस्तू तिथे पुन्हा वापरल्या जात होत्या.